कणठशाची मालकीण

नागपूरच्या प्रतिमा-परीक्षण प्रयोगशाळेत मैथिली उमाठेचा जुना कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवलेला होता. शेजारच्या पडद्यावर त्या कॅमेऱ्याशी जुळणाऱ्या फोटोंचा आकडा वाढत चालला होता. मैथिलीने चाळीसेक फोटोंची तक्रार केली होती. आकडा लाखाच्या पुढे गेला तेव्हा तपासणी करणाऱ्या डॉ. यास्मिन काझींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एवढे फोटो काढलेत तुम्ही?"

"नाही मॅडम. उभ्या आयुष्यात नाही."

मैथिली कागदाचे पक्षी करायची. जुन्या नकाशांचे, वर्तमानपत्रांचे, पतंगाच्या कागदाचे. पक्षी खऱ्या रानात नेऊन खऱ्या फांदीवर बसवायचा, हव्या त्या उजेडाची वाट पाहत उकिडवं बसायचं आणि फोटो काढायचा, हे ती कित्येक वर्षं करत आली होती. दवाने पक्षी लवकरच विरून जात. उरायचे ते फोटो. 'कागदी रान' या आपल्या ब्लॉगवर ती ते मुळाबरहुकूम, पूर्ण आकारात टाकायची, म्हणजे बघणाऱ्याला घडी न् घडी दिसावी आणि घरी करून पाहता यावी. खाली एवढंच लिहायची, 'वापरा, पण नाव लिहा.'

एकदा दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी असताना तिला समोरच्या भिंतीवर आपलाच नीलपंख दिसला. पळसाच्या फांदीवरचा. खाली छापलेलं होतं, 'छायाचित्र : चित्रसागर'. जबडा बधिर असल्यामुळे तिला काही बोलताही आलं नाही. घरी येऊन शोधलं तर आणखी सापडले. कॅलेंडरांवर, हॉटेलांच्या खोल्यांत, एका शालेय पुस्तकाच्या मुखपृष्ठावरसुद्धा. चित्रसागर कंपनीने उत्तर पाठवलं, की ही चित्रं आमच्या संग्रहातली आहेत. मग ती प्रतिमा न्यायाधिकरणात गेली, आणि न्यायाधिकरणाने तिला काझींकडे पाठवलं.

"कणठसा म्हणजे काय ते सांगितलं होतं मी तुम्हाला," काझी म्हणाल्या. "कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे लक्षावधी बिंदू असतात. घडतानाच कुठला जरा उजळ घडतो, कुठला जरा मंद. त्यामुळे प्रत्येक फोटोवर अगदी बारीक कणांची एक नक्षी उमटते. डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याची तशी नसते. म्हणून तर कायद्याने कणठशाला मानलं. ठसा आहे तो फोटो खरा, आणि ज्याच्या कॅमेऱ्याचा ठसा त्याचा फोटो. तारखा, नावं, सगळं खोटं करता येतं. ठसा करता येत नाही, असं आम्ही समजत होतो."

"होतो?"

काझींनी पडद्यावर काही चित्रं उघडली. बर्फातलं देऊळ. हसणारी जुळी मुलं. परदेशातला कुठलासा बाजार. मैथिलीने त्यांतलं एकही पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती, तिचा कणठसा जुळल्याची.

"चित्रसागरकडे आपणच चित्रं तयार करणारं प्रतिमायंत्र असणार," काझी सावकाश बोलत होत्या, जणू स्वतःलाच पटवत होत्या. "लाखो फोटो दाखवून शिकवलेलं. लोक फोटो टाकतात ते आकसून, दाबून. त्यात ठसा पुसला जातो. पूर्ण आकारात टाकणाऱ्या तुम्हीच. त्या यंत्राने अखंड ठसा पाहिला तो फक्त तुमच्या कॅमेऱ्याचा. त्याला वाटलं, खरा फोटो म्हणजे ही नक्षी. आता ते जे काही रंगवतं त्यावर तुमचा ठसा उमटतो."

"म्हणजे ही खोटी चित्रं तपासात खरी ठरतात."

"खरी, आणि तुमची. तुम्ही गेल्या आठवड्यात कॅमेऱ्याची नोंदणी केलीत ना, तोवर हा ठसा बेवारस होता. आता मालकीण सापडली."

मग त्यांनी एक शेवटचं चित्र उघडलं. पिंपळढोकच्या कालव्यावर एक माणूस दरवाजाचं चाक फिरवत होता. चेहरा स्पष्ट होता.

तो चेहरा मैथिलीला बातम्यांतून माहीत होता. शाखा अभियंता प्रवीण कुमरे. कालव्याचं बांधकाम निकृष्ट आहे म्हणून त्याने वर कळवलं होतं. पुढे कुणीतरी दरवाजा उघडला, खालची वस्ती बुडाली, दोन माणसं गेली. कुमरे सांगत राहिला की मी तिथे नव्हतोच. पण एका निनावी माणसाने हा फोटो पोलिसांना पाठवला, फोटोवर अस्सल कॅमेऱ्याचा ठसा होता, आणि कुमरे तेव्हापासून तुरुंगात होता.

"सत्र न्यायालयाला ही जुळणी कळवणं मला भाग आहे," काझी म्हणाल्या. "उद्या तुम्हाला समन्स येईल. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तिथे उभ्या होतात. तुम्ही पाहिलंय त्याला."

"मी तिथे कधी गेलेही नाही."

"कुमरेही तेच म्हणतोय."

काय करता येईल, असं मैथिलीने विचारलं तेव्हा काझींनी दोनच वाटा सांगितल्या. यंत्राचं चित्र आणि तिचा फोटो यांतला ठसा अगदी एकसारखा, त्यामुळे हे खोटं नि ते खरं असं निवडून देणं कुठल्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हतं. ठसा एकतर पूर्ण खरा, नाहीतर पूर्ण बाद. मालकिणीने ठसात्याग केला, म्हणजे हा ठसा भरवशाचा नाही असं लिहून दिलं, तर त्या क्षणी तो असलेलं प्रत्येक चित्र बाद. कुमरेविरुद्धचा फोटोही.

"आणि माझे?"

"तेही. तुमचे आहेत हे सिद्ध करायला तुमच्याकडे मग काहीच उरणार नाही. तक्रारही निकालात निघेल."

सुनावणीच्या दिवशी न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात चित्रसागरचे वकील सौमित्र दिवाण स्वतःहून तिच्याजवळ आले. बोलणं अगदी अदबीचं.

"उमाठे मॅडम, भांडण वाढवायचंय कशाला? आमच्या संग्रहात जिथे जिथे तुमचा ठसा आहे, त्या प्रत्येक चित्राखाली तुमचं नाव घालतो आम्ही. आजपासून. तुम्ही हेच मागत होतात ना?"

हेच तर ती मागत होती. दवाखान्यातल्या त्या भिंतीवर, मुखपृष्ठावर, सगळीकडे आपलं नाव. क्षणभर तिला ते दिसलंही. मग त्या बर्फातल्या देवळाखाली आपलं नाव दिसलं, आणि चाक फिरवणाऱ्या माणसाखालीही.

"पिंपळढोकच्या फोटोखालीसुद्धा?" तिने विचारलं.

दिवाणांनी घड्याळाकडे पाहिलं. "त्या प्रकरणाशी आमचा काही संबंध नाही. एक ग्राहक चित्र घेतो, पुढे त्याचं काय करतो..." ते मध्येच थांबले. "विचार करा. बारा वर्षांचं काम आहे तुमचं."

सभागृहात तिचं नाव पुकारलं गेलं. न्यायाधीश शालिनी वऱ्हाडपांडे यांनी तक्रारदाराला काय सांगायचंय असं विचारलं. मैथिली उभी राहिली.

"मला ठसात्याग करायचाय."

"परिणाम माहीत आहेत तुम्हाला? तुमचा एकही फोटो कायद्याने तुमचा राहणार नाही."

"माहीत आहेत. मी न पाहिलेल्या गोष्टीची साक्षीदार मला व्हायचं नाही. एक माणूस त्यापायी आत बसलाय."

मागच्या बाकावर काझींनी मान खाली घातली. कारकुनाने कागद पुढे केला. मैथिलीने पेन उचललं, आणि तिला त्या वेळी एकेक सकाळ आठवत गेली. भंडाऱ्याच्या तळ्याकाठचा बगळा. नकाशाच्या कागदाचा धनेश, ज्याच्या पंखावर नद्या होत्या. तिने सही केली.

"थांबा," दिवाण ताडकन उठले. अदब कुठल्या कुठे गेली होती. "न्यायाधीश महोदया, या त्यागाला आमची हरकत आहे. हा ठसा बाद झाला तर आमच्या अशिलाचा सगळा संग्रह बाद होतो."

"सगळा?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं लेखी म्हणणं असं आहे, की तक्रारदाराचा एकही फोटो तुम्ही घेतलेला नाही."

"नाहीच घेतलेला. ती चित्रं यांच्या कॅमेऱ्याची नाहीत. आमच्या यंत्राने तयार केलेली आहेत. त्यांना या त्यागातून वगळावं."

दिवाणांच्या शेजारी बसलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यांची बाही ओढली. उशीर झाला होता.

न्यायाधीशांनी लघुलेखकाला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. मग त्यांनी काझींना उभं केलं आणि विचारलं, "डॉक्टर, ज्या यंत्राला एखाद्या कॅमेऱ्याचे फोटो कधी दाखवलेच नाहीत, त्याच्या चित्रांत त्या कॅमेऱ्याचा ठसा येऊ शकतो?"

"नाही," काझी म्हणाल्या. "एकाही चित्रात नाही."

"मग वकीलसाहेब, आता ठशाचा पुरावा राहू द्या बाजूला. तुमच्याच तोंडून ऐकायचंय. यांचा एकही फोटो घेतला नाहीत, तर यांचा ठसा तुमच्या यंत्रात गेला कसा?"

दिवाणांनी समोरचे कागद सारखे केले, पुन्हा सारखे केले. मैथिली अजून उभीच होती. बसायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. लघुलेखकाने उत्तराच्या जागी लिहिलं, 'निरुत्तर.'