शिवूचा धप्पा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. रत्नम्मा माझी सख्खी मावशी. जे तिनं सांगितलं, तेच लिहितेय.

गाव लातूर. जिल्हा नवा झालेला, कचेऱ्यांवर नवे बोर्ड लागलेले. पण नळाला पाणी नाही, असलं दुष्काळाचं साल. आणि वेळ रात्रीची नव्हती. वैशाखातली टळटळीत दुपार होती.

म्हणून तर जास्त भीती वाटते.

मावशी शाळेत गणित शिकवायची. दिरानं हैदराबादहून टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर तिनं आपल्या दोन लेकरांसाठी, शिवू आणि धाकट्या मल्लूसाठी, लपाछपीचा खेळ लिहिला. राज्य कॉम्प्युटरवर, शोधायला अव्वा, म्हणजे त्यांची आई. दोघं लपलेले असले की तो वाजायचा... टूक-टूक, टूक-टूक. एकानं गुपचूप येऊन आपलं बटण दाबलं की धप्पा! मग एकच टूक. दोघंही आले की गप्प.

मग शिवू तापानं गेला. आठ वर्षांचं पोर. त्याला शेतात माती दिली.

पुढं ते मशीनही बंद पडलं. दिरानं त्याच जातीचं, पण जरा नवं मशीन कुणाकडून तरी जुन्यात घेऊन दिलं. मावशीनं खेळाची कॅसेट लावली. खेळ चढला, पण बटणं मुकी. बटण दाबलं का, हे मशीन मेमरीतल्या ज्या पत्त्यावर बघतं, तो पत्ताच नव्यात बदललेला.

कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळात मावशी एकेक ओळ तपासत बसली. मल्लूच्या बटणाचा पत्ता बदलला.

शिवूच्या ओळीपाशी हात थांबला.

"काढून टाक की ती," मावशीचे यजमान वीरभद्रकाका म्हणाले. "त्या पत्त्यावर ह्या मशीनमध्ये हाय काय?"

"काहीच न्हाई."

"मग?"

"राहू द्या हो. कुणाचं काय खाऊन राहिली ती?"

ओळ राहिली. त्यामुळं मल्लूनं धप्पा दिला, तरी एक टूक वाजतच राहायचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, शिवू राहिला. मावशी धावत जाऊन मशीन बंद करायची.

पाच वर्षांची मल्लू हिरमुसायची. "नको न अव्वा बंद करू. दादा कवाचा लपलाय. दमला असंल."

त्या दुपारी खेळ चालू होता. तेवढ्यात दारात टँकरचा हॉर्न वाजला.

अंगणात जमिनीखालचा हौद होता. कित्येक दिवस कोरडा, झाकण बाजूला सारलेलं. टँकरवाल्या धोंडप्पानं मांडीएवढा जाड पाइप आत सोडला.

"अक्का, लवकर बोला. पुढल्या गल्लीत बाया घागरी घेऊन उभ्या हायत. माझ्या लग्नातबी एवढी गर्दी नव्हती!"

"थांब रे, लेकरू कुठं लपलंय बघते. मल्ले! ए मल्ले!"

उत्तर नाही.

घरातून आवाज येत होता. टूक-टूक... टूक-टूक...

म्हणजे दोघंही लपलेले.

दोघंही, हे मनात आलं आणि मावशीनं तो विचार झटकला. ती हौदाकडे वळली. वाकून आत बघणार, एवढ्यात...

टूक.

टूक.

एकच.

"आली बघ घरात!" मावशीनं श्वास सोडला. "सोड पाणी."

पाणी धो-धो कोसळायला लागलं. मावशी मशीन बंद करायला आत गेली. तो उरलेला टूक थांबवायचा, एवढंच डोक्यात.

खोलीत कुणी नव्हतं.

वारा म्हणावा, तर पंखासुद्धा बंद होता.

पडद्यावर दोन ओळी होत्या.

शिवू... धप्पा.

मल्लू राहिली.

"धोंडप्पा! बंद कर! बंद कर रे पाणी!"

धोंडप्पानं कॉक फिरवला आणि तसाच हौदात उतरला. मल्लू अगदी कोपऱ्यात, अंधारात बसलेली. पाणी कमरेपर्यंत आलेलं. लेकरू रडत नव्हतं. नुसतं बसून होतं.

मावशीनं तिला छातीशी आवळलं. "अगं, पाणी आलं तर वरडायचं न्हाई का?"

मल्लू शांतपणे म्हणाली, "दादा म्हणला... मी घरात जातो. तू इथं थांब."

नंतर मावशीनं शिवूच्या ओळीतला तो पत्ता कितीदा तरी तपासला. शून्य. दरवेळी शून्य. त्या जागी काही नव्हतंच.

त्यानं बहिणीला वाचवलं, की आपल्या जागी बसवलं? टूक एकच वाजला, म्हणून मावशीनं पाणी सोडायला सांगितलं. आणि टूक एकच वाजला, म्हणूनच ती आत गेली.

काका म्हणाले, "स्वामींना बोलवू. घराचं काहीतरी करून घेऊ."

"काय करून घ्यायचं?" मावशी म्हणाली. "एवढ्या उन्हातून घरात आलेलं माझं लेकरू, त्याला बाहेर काढू?"

पण त्या रात्रीपासून मल्लूच्या मनगटाला मावशीच्या पदराची गाठ असायची. आणि दुसऱ्या कुशीला... मावशी थोडी जागा मोकळी ठेवायची.

सकाळी ती जागा कधी उबदार लागली का, हे मी तिला विचारलेलं नाही.

माझी लेक शेजारी झोपलीय. मी विचारणारही नाही.