बेसमेंटमधली कादंबरी

देवदत्तला बर्फ आवडत नसे, आणि बर्फालाही तो फारसा आवडत नसावा. प्रतापचं घर चार घरं पलीकडे, पण तेवढ्यात तो दोनदा आडवा झाला. पुढे त्याची वहिनी पद्मजा मंडईत भाजीला निघाल्यासारखी सरळ चालली होती.

"उठा भावोजी. तुमचं लोटांगण पोचलं देवाला."

पद्मजा कर्णिक पुण्यात विमा कंपनीसाठी खोटे क्लेम हुडकत असे. अमेरिकेत हर्नडनला आल्यावर तिने रीतसर लायसन्स काढून खासगी तपासाचं काम सुरू केलं. देवदत्त तिचा धाकटा दीर, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळे; ऑफिसबाहेर मात्र समोरचा हत्तीही त्याला दिसत नाही, असं पद्मजा त्याच्या तोंडावर म्हणे.

प्रतापने फावड्याने बर्फ ढकलून कसंबसं दार उघडलं.

"ताई, बरं झालं आलात. मारेन मॅडम पोलिसांना बोलवायचं म्हणतायत."

"रात्रीपासून कुणी बाहेर गेलंय?"

"कुठे जाणार? हे दार आत्ता पहिल्यांदा उघडलं."

पद्मजाने मागे वळून पाहिलं. अंगणातल्या बर्फात दोघांच्याच पाऊलखुणा होत्या, आणि देवदत्तच्या पाठीचा ठसा.

हॉलमध्ये उंच, पांढऱ्या केसांच्या बाई ताठ बसल्या होत्या. मारेन टीलमान, जर्मनीच्या नावाजलेल्या कादंबरीकार. युनिव्हर्सिटीच्या पाहुण्या म्हणून वर्षभर प्रतापच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होत्या. त्यांचं बालपण बर्लिनच्या भिंतीच्या पलीकडच्या, पूर्वेकडच्या जर्मनीत गेलं. सगळ्या गल्लीचे लाडके असलेले त्यांचे वडील गुपचूप शेजाऱ्यांच्या खबरा सरकारला पुरवत होते, हे त्यांना भिंत पडल्यावर कळलं. त्यांच्या साऱ्या कादंबऱ्या त्या एका जखमेवर होत्या. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या टाइपरायटरवर लिहीत, आणि प्रत एकच.

नव्या कादंबरीची ती एकच प्रत सकाळी नाहीशी झाली होती.

"मी कॉफीला वर आले," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "या जिन्यासमोरच बसले होते. त्या वेळात खाली एकच माणूस गेलं. ही."

सोफ्याच्या कडेवर नेत्रा बसली होती. बाईंची साहाय्यक, त्यांच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करणारी. मूळची मुंबईची. काल कामाला आली आणि बर्फामुळे इथेच अडकली.

"मी फक्त चार्जर आणायला गेले होते. टेबलाकडे बघितलंही नाही." ती म्हणाली.

"बर्फ काढणारी गाडी दुपारी येईल," बाई म्हणाल्या. "रस्ता मोकळा झाला की मी पोलिसांना कळवीन आणि युनिव्हर्सिटीलाही."

युनिव्हर्सिटीला कळवणं म्हणजे काय, हे बाईंखेरीज सगळ्यांना कळलं. नेत्राचा व्हिसा त्या नोकरीवर होता. नोकरी गेली की दोन महिन्यांत देश सोडायचा. देवदत्तही व्हिसावरच होता.

"घर शोधलंत?" पद्मजाने विचारलं.

"सगळं," प्रताप म्हणाला. "मी बेडरूम, गॅरेज, वरचा माळा. नेत्राने हॉल आणि बेसमेंट. वीणाने किचन."

"ओव्हनसुद्धा बघितला," प्रतापची बायको वीणा चहाचा ट्रे घेऊन येत म्हणाली. "आमच्याकडे त्यात कढया असतात."

"आमच्याकडेही," देवदत्त उत्साहाने म्हणाला. पद्मजाने त्याच्याकडे पाहिल्यावर तो चहाकडे वळला.

आधी ती बेसमेंटमध्ये गेली. देवदत्तचे दात वाजू लागले. वरची खिडकी सताड उघडी होती.

"रोजचं आहे हे," प्रताप कुरकुरला. "रोज सकाळी खोलीला श्वास घेऊ द्यायचा म्हणतात. जर्मनीत सगळे करतात म्हणे. आमचं हीटिंग जातं रस्त्यावर! यावरून भांडणही झालं आमचं."

खिडकीला जाळी पक्की होती आणि बाहेरचा बर्फ कुणी हात न लावलेला. टेबलाशेजारी गॅरेजमध्ये उघडणारं काचेचं दार होतं, आतून कडी लावलेलं. पद्मजा बाईंच्या खुर्चीत बसली. तिथून गॅरेजमधली गाडी दिसत होती, ड्रायव्हरच्या सीटसकट.

"इमर्जन्सी आली तर ही गाडी काढता येईल?"

"बॅटरी डाउन आहे. महिनाभर जागची हलली नाही, तरी उतरते! मेकॅनिक म्हणतो, कुणीतरी काहीतरी ऑन ठेवतं. जुनी झालीये, दुसरं काय."

"वीणा चालवत नाही?"

"शिकलीये. पण जाणार कुठे? डिपेंडंट व्हिसा, काम करायची परमिशन नाही. नागपूरला कॉलेजात शिकवायची. ग्रीन कार्डची लाइन तर तुम्हाला माहितीये."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या दुमडत्या दारामागे ड्रायर पींऽऽ करून थांबला. देवदत्त दचकला. पद्मजाने दार सरकवून आत हात घातला. कपडे गरम होते.

वर येऊन तिने नेत्राला जवळ बसवलं.

"कशावर आहे गं ही कादंबरी?"

"भिंतीच्या काळातलं एक गाव आहे. काल संध्याकाळी लाइट गेले होते, तेव्हा मी वीणाताईंना एक चॅप्टर वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत." क्षणभर नेत्राचा चेहरा उजळला. "इतका भारी आहे! नवरा कामावर गेला की एक बाई रोज दुपारी शेडमधल्या बंद गाडीत जाऊन बसते. रेडिओ लावते, स्टीअरिंगवर हात ठेवते. कुठे जात नाही. डोळे पुसते आणि परत स्वयंपाकाला लागते."

"वीणाला आवडला?"

"काही बोलल्या नाहीत. जेवणानंतर मी डिशवॉशर लावायला गेले तेव्हा हसल्या जरा. म्हणाल्या, अगं, ते आमचं ताटाळं आहे, धुतलेली भांडी निथळायला; तो कधी चालवत नाही आम्ही. भांडी हातानेच."

मग पद्मजा मारेनबाईंकडे वळली. "तुमच्या बायका तुम्हाला सुचतात कुठून?"

"मी बघते, आणि नावं बदलते. लेखकाने खिडकीशी बसावं, एवढंच."

किचनमध्ये वीणा कप विसळत होती. ओट्यावर पसरलेल्या टॉवेलवर कुकर, ताटं, पातेली, वाट्या यांचा डोंगर झाला होता. देवदत्तने आपला कप त्यावर टेकवला मात्र, एक वाटी घरंगळली. ती त्याने हवेतच झेलली आणि शाबासकीच्या अपेक्षेने वहिनीकडे पाहिलं. वहिनी टॉवेलकडे बघत होती.

लांबून बर्फ काढणाऱ्या गाडीची घरघर ऐकू आली. मारेनबाईंनी फोन हातात घेतला. नेत्राने डोळे मिटले.

"फोन राहू द्या," पद्मजा म्हणाली. "सगळे इकडे या."

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"कागद घरातच आहेत, कारण बाहेर कुणी गेलेलं नाही. खिडकीला जाळी आहे, तेव्हा वाराही चोर नाही. मॅडम म्हणतात, खाली फक्त नेत्रा गेली. मग ड्रायर कुणी लावला?"

"वीणाने. कपडे लावायला गेली होती," प्रताप म्हणाला आणि त्याने वीणाकडे वळून पाहिलं.

"मॅडम, ती बादली घेऊन तुमच्यासमोरून जिना उतरली. तुम्ही पाहिलंत, पण धरलं नाहीत. घरची बाई कपडे लावायला गेली, तर ती कुठे गेली असं कुणी म्हणत नाही. पण कपड्यांचं मशीन आणि तुमचं टेबल एकाच खोलीत आहेत. वर येताना बादलीच्या तळाशी तुमचे कागद होते."

"शोधलं तेव्हा काही सापडलं नाही," देवदत्त म्हणाला. टेस्टरचा स्वभाव.

"किचन कुणी शोधलं, भावोजी? आणि हा टॉवेल बघा. या घरात धुतलेली भांडी डिशवॉशरमध्ये निथळतात. आपल्याकडेही तसंच. मग आज सगळं ओट्यावर का?"

देवदत्तच्या हातात अजून ती वाटी होती. त्याने ती हळूच खाली ठेवली.

"कारण आत जागा नाही. नेत्रालाही ठाऊक होतं की डिशवॉशर कधी चालत नाही. पण तिने तिथे काही लपवलं असतं, तर वीणाने पहिला कप ठेवायला दार उघडताच ते सापडलं असतं. वीणा सकाळपासून भांडी धुतेय आणि टॉवेलवर मांडतेय. आत काय आहे ते तिला माहीत होतं."

वीणाने हात पुसले. डिशवॉशरचं दार उघडलं, आणि किराणा दुकानाच्या पिशवीत नीट गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला.

"पण का?" प्रतापने विचारलं. "जर्मन कादंबरी! तुझा काय संबंध?"

"प्रताप, गाडीची बॅटरी का उतरते?" पद्मजाने हळू आवाजात विचारलं.

प्रतापच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली, आणि देवदत्तला तिथे उभं राहणं असह्य झालं.

"या घरात तेवढी एक जागा माझी होती," वीणा म्हणाली. "तू ऑफिसला गेलास की मी बसायचे. कुणाला त्रास नव्हता माझा. काल नेत्रा वाचत होती, आणि मी अंधारात ऐकत होते. माझं रडणं, माझ्या हातांचं वर्णन. किती सुंदर लिहिलंय, असं ही म्हणत होती."

पद्मजाने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. मारेनबाईंनी पिशवी जवळ ओढली.

"माझे वडीलही नावं बदलायचे," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून थोडी पानं वेगळी काढून वीणापुढे धरली. "ही तुमची."

"मला कागद नकोत. लिहायच्या आधी विचारायचं होतंत."

"आणि वीणाताई, माझं काय?"

नेत्रा उठून उभी राहिली होती. या सगळ्यात ती इथे आहे, हेच जणू सगळे विसरले होते.

"बर्फाच्या गाडीचा आवाज तुम्हीही ऐकलात. मॅडमनी फोन उचलला, तेव्हा तुम्ही कप विसळत होतात. माझा व्हिसा गेला असता, ताई. तुम्हाला तर माहितीये अडकणं काय असतं."

"मी सांगणार होते."

"कधी?"

वीणा रडू लागली. तिला जवळ घ्यावं की नाही, हे न कळून प्रताप तिच्याजवळ नुसता उभा राहिला.

मारेनबाई नेत्रासमोर आल्या. त्यांनी माफी मागितली, साध्या, स्वच्छ शब्दांत. मग जरा चाचरत विचारलं, "उद्या येशील ना? मला तुझ्याशिवाय जमणार नाही."

देवदत्तला वाटलं, पोरीने आता बाईंना चांगलं सुनवावं. मनातल्या मनात त्याने तिच्यासाठी वाक्यंही तयार केली. पण सही बाईंची होती, नोकरी बाईंची होती आणि व्हिसा त्या नोकरीवर होता. नेत्राने ओठ घट्ट मिटून घेतले.

"येस, मॅम. येईन."

तिने कोट चढवला, बूट घातले.

"अगं, ड्राइव्हवे अजून मोकळा नाही. थांब तासभर," प्रताप म्हणाला.

"नाही थांबणार."

तिने दार ओढून उघडलं आणि गुडघाभर बर्फात पाय घातला. पहिल्याच पावलाला ती पडली, उठली आणि मागे न बघता रस्त्याच्या दिशेने चालू लागली. देवदत्तने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि कुणी सांगायची वाट न बघता तो तिच्यामागे धावला.