दोन्ही हात अडकलेले

शिबिराच्या हॉलमधला नेमका एका टेबलाच्या वरचा पंखा बंद पडला होता. वायरमन शिडीवर चढला आणि त्यानं सहज खाली पाहिलं. टेबलाशी बसलेली एक मुलगी समोरच्या माणसाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवत होती.

"दात मोजताय का?" त्यानं वरूनच विचारलं.

"तुम्ही पंख्याकडे बघा," ती म्हणाली. पण हसली... आणि त्याला पाना सापडेना.

खाली उतरल्यावर तिनं त्याला नीट समजावलं. काहींच्या शरीरात रक्त धड तयारच होत नाही. अशांना दुसऱ्याच्या मूलपेशी द्याव्या लागतात, पण त्या जुळायला हव्यात. सख्ख्या भावंडांच्याही पुष्कळदा जुळत नाहीत, मग परक्यांमध्ये शोधायचं, त्यासाठीच हे गालातले नमुने. त्यानं निम्मंच ऐकलं. हातात मोजे होते म्हणून ती कपाळावरची बट मनगटानं मागे सारत होती, तेच तो बघत राहिला.

"माझाही घ्या नमुना."

बोळा फिरवून झाला तरी त्याचं तोंड उघडंच.

"मिटा आता," ती म्हणाली.

पुढे तिच्या ऑफिसातलं एखादं बटण सैल झालं, की हा हजर. नाही झालं, तरी हजर.

"आज काय बिघडलंय?" ती विचारायची.

"तेच तर शोधायला आलोय."

मग एका दुपारी तिचा फोन आला. "जुळलंय तुमचं!"

"कुणाशी?" त्यानं केवढ्या आशेनं विचारलं!

"सात वर्षांच्या एका मुलीशी. नाव मलाही ठाऊक नाही. आधी रोज एक इंजेक्शन, मग एक दिवस दवाखान्यात. याल ना?"

उघड्या तारांना न भिणारा हा गडी सुईला मात्र टरकून असायचा. ती भीती लपवायला तो नको ते बोलून गेला. "येईन की... पण एका अटीवर. संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचं."

बोलल्या क्षणी त्यानं जीभ चावली.

"अहो, मस्करी—"

"एका लेकराच्या जिवावर?" तिचा आवाज अगदी खाली आला होता. "नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. अट घालायचा नाही. यापुढे आमच्या मोठ्या बाई तुमच्याशी बोलतील."

रात्री ताटावर तो नुसता बसून राहिला.

"का रे, शॉक बसला की काय?" आईनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "त्या आजारी पोरीच्या आईनं हे ऐकलं असतं तर?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

सकाळी त्यानं स्वतःच मोठ्या बाईंना फोन लावला. तपासण्या झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. सुई टोचताना तो डोळे घट्ट मिटायचा, संध्याकाळी हाडं ठणकायची. ती कधीच आली नाही, आणि त्याला बरंच वाटलं. कोणत्या तोंडानं तिच्यासमोर उभं राहायचं?

शेवटच्या दिवशी त्याला खुर्चीवर आडवं केलं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, यंत्र हव्या तेवढ्या पेशी वेगळ्या काढायचं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. दोन्ही हात हलवायचे नाहीत, अशी नर्सची ताकीद होती.

यंत्र बरंच चालल्यावर दार उघडलं. ती!

तो छताकडे बघायला लागला.

"आधी मुद्दामच आले नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी देताय, असं व्हायला नको होतं."

"नमुना तुमच्यासाठीच दिला होता," तो कसाबसा बोलला. "हे मात्र... त्या मुलीचंच आहे. मी त्या दिवशी जे बोललो ना, ते आठवलं की..."

"मलाही आठवतं. चिडले ती तुमच्यावर कमी, स्वतःवरच जास्त." ती थांबली. "'येईन' असं ओठावर आलं होतं माझ्या. त्या मुलीसाठी नाही... मलाच यायचं होतं म्हणून. इतकी लाज वाटली, की तुमचं काम बाईंकडे देऊन टाकलं."

त्याचे डोळे भरून आले. तोंड लपवावं म्हटलं, तर दोन्ही हात अडकलेले.

ती जवळ आली. आज तिच्या हातात मोजे नव्हते. तिनं आपला तळहात अलगद त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

"लप आता," ती म्हणाली. "मी बसते इथंच."

तळहात ओला झाला. तिनं तो काढला नाही.