गाडी ओढत नाही

चौफुलीवरच्या मिस्त्रीकडे नर्सबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिची तक्रार अगदी साधी होती. आठवड्याला अशा चार-दोन तक्रारी तो ऐकायचाच.

"काका, गाडी ओढत नाही. चालता चालता एकदम जीव जातो तिचा. कितीही रेस पिळा, आवाज नुसता घुमतो. बंद पडत नाही, पण पुढेही जात नाही."

"चढावर होतं का?"

"सपाटीवरसुद्धा."

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. जुनी, काळ्या रंगाची, पण कुणीतरी फार जपून वापरलेली मोटारसायकल होती. "भावाची आहे," ती म्हणाली, "आता मीच चालवते." लोकांच्या घरातलं विचारायची मिस्त्रीला सवय नव्हती. गाड्यांचं मात्र तो खोदून खोदून विचारी.

तीस वर्षं त्यानं याच कामात काढली होती. गाडीची ताकद जाते म्हणजे तिला पेट्रोल पोचत नाही, नाहीतर हवा, नाहीतर ठिणगी. तिन्ही ठीक असतील तर इंजिन कमावतंय आणि मधल्या मधे कुणीतरी खातंय. क्लच घसरतोय किंवा ब्रेक चिकटलाय. "याच्या पलीकडे गाडीला दुखणंच नसतं," तो बायकोला सांगायचा. "बाकीची सगळी नाटकं माणसांची."

त्या दिवशी त्याला दुखणं लगेच सापडलं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक धुळीनं बुजलं होतं. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि गाडीला मैल-दोन मैलांत धाप लागते. त्यानं बारीक तारेनं भोक मोकळं केलं. बाई खूश होऊन गेली.

तिसऱ्या दिवशी परत आली. या वेळी त्यानं कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, फिल्टर झटकून बसवला. मग आठवडाभर ती आली नाही, आणि आली तेव्हा गाडी ढकलत आली. चेहरा उतरलेला, चपला चिखलानं माखलेल्या.

"काल डोंगरावरच्या वस्तीत एक बाई अडली होती," ती म्हणाली. "पाऊण तास उशिरा पोचले मी. शेवटचा अर्धा मैल गाडी टाकून पळत गेले. मूल निळं पडलं होतं, काका. वाचलं... पण ते काही माझ्यामुळे नाही."

मिस्त्रीला मान वर करवेना. आपण दोनदा 'झाली बघा गाडी' म्हणून सांगितलं, हे त्याला आठवत होतं. त्यानं तिथल्या तिथे क्लच खोलला, नव्या प्लेटा टाकल्या. मागचं चाक काढून ब्रेक पाहिला. चाक बोटानं ढकललं तर गरगर फिरत राहिलं. चिकटणं नाही, घासणं नाही.

बाई स्टुलावर बसून बघत होती. जरा वेळानं हळूच म्हणाली, "एक सांगू? हसू नका. येताना होत नाही हे. जातानाच होतं."

मिस्त्री हसलाच. "गाडीला जाणं-येणं काय कळतंय, ताई? ठेवून जा. उद्या मी स्वतः चालवून बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन निघाला. थंडीचे दिवस होते. आभाळ सकाळपासून राखाडी, कळकट, आणि वारा अजिबात नव्हता. डोंगराच्या रस्त्यानं दीड मैल गाडी छान पळाली. मग आवाज जड झाला. मिस्त्रीनं रेस पिळली, गियर उतरवला. इंजिन जीव तोडून ओरडत होतं आणि गाडी मात्र मागून कुणी धरल्यासारखी मंदावत मंदावत उभी राहिली. त्यानं ती वळवली. वळवल्याबरोबर ती बाणासारखी सुटली.

मग त्यानं गिरणीचा रस्ता धरला. तिकडेही तेच. गावातून पार धान्याच्या गोदामापर्यंत गेला, तिकडेही तेच. जाताना मेलेली, परतताना तरतरीत. मिस्त्रीचं डोकं चालेना. चौफुलीवर परत येऊन तो मिनिटभर नुसता उभा राहिला. चौथा रस्ता तेवढा राहिला होता. तो तलावाकडे जायचा. पाणी अडवलं तेव्हापासून तो रस्ता कुठेच पोचत नव्हता. खालच्या बुडालेल्या वस्तीचा रस्ता तो. आता नुसता पाण्यात उतरायचा.

त्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. ना धाप, ना कुरकुर. मिस्त्रीला बरं वाटलं. गाडीत दोष नाही, असला तर पेट्रोलात असेल, असं तो मनाशी जुळवत होता. बराच पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की, आपला उजवा हात मघाशीच सैल पडलाय. रेस सोडलेली आहे, आणि गाडी वेग घेते आहे.

रस्ता सपाट होता.

त्यानं गियर काढून टाकला. गाडी चालत राहिली. चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, आणि त्या शांततेत चेनची किरकिर आणि टायरखालची वाळू तेवढी ऐकू येऊ लागली. वेग तसाच. दोन्ही बाजूंची झुडपं धुक्यात विरघळत चालली होती. शेवाळाचा, कुजक्या पाल्याचा, साचलेल्या पाण्याचा वास नाकात भरला. त्यानं दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. चाकं फिरायची थांबली तरी गाडी घसरत पुढे गेली, आणि पाणी हातभर राहिलं तेव्हा त्यानं सरळ ती आडवी पाडली आणि स्वतः बाजूला कोसळला.

खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तो उठून बसला. समोर डांबरी रस्ता तसाच पाण्यात उतरत गेला होता. पाच-सहा पावलांपर्यंत तळाशी दिसत होता, मग काळोख. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

भीती वाटली की माणूस सवयीच्या कामाला हात घालतो. मिस्त्रीनं गाडी उभी केली आणि खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. इंजिनाच्या आतला आवाज ऐकायचा असला की तो त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. गाडी बंद आहे, ऐकण्यासारखं काही नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं कान लावला.

आधी काहीच नव्हतं. मग फार आतून, फार खालून... खर्रर्र... थोडा वेळ गेला. पुन्हा... खर्रर्र...

हा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. कुणीतरी किक मारत होतं. दमून गेल्यासारखं, दर वेळी जरा जास्त थांबून, पण सोडून न देता.

मग तो आवाज थांबला. ऐकणारा आहे हे पलीकडच्याला कळावं, तसा थांबला. आणि अगदी कानाशी, रस्त्यात गाडी बंद पडलेला कुठलाही माणूस अजीजीनं बोलतो तसं, कुणीतरी म्हणालं,

"अहो... जरा धक्का देता का?"

तीस वर्षांत हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल! विचार करायच्या आत तोंडातून नेहमीचं उत्तर निघून गेलं.

"आलो."

आपण काय बोललो हे समजायला त्याला एक श्वास लागला. स्क्रू-ड्रायव्हर हातातून गळून पडला. तो उचलायला तो थांबला नाही. गाडी तिथे टाकून पळावं असं फार वाटलं, पण ती दुसऱ्याची होती, विश्वासानं दिलेली होती. त्यानं हँडल धरलं आणि ढकलायला सुरुवात केली. दोन मैलांचा रस्ता, पण चौफुलीचे दिवे दिसले तेव्हा पार अंधारलं होतं आणि त्याचे तळहात सोलवटले होते. एकदाही त्यानं मागे पाहिलं नाही.

सकाळी नर्सबाई आली. कसं सांगावं याची रात्रभर उजळणी केलेली, पण तिला बघून त्यानं सरळच सांगून टाकलं. तलाव, उतरलेला रस्ता, किकचा आवाज. ती उभी होती ती स्टुलावर बसली.

"दादा तिथूनच गेला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. गाडी पाण्याच्या कडेला स्टँडवर लावलेली होती, चावी तशीच. पाणबुड्यांनी चार दिवस शोधलं. चप्पलसुद्धा मिळाली नाही." मग तिनं विचारलं, "काही बोलला का हो तो?"

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, पण बोटं ओढणीचं टोक पिळत होती.

"नाही, ताई. नुसता आवाज."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला हाक मारली असती तर मी गेले असते."

तिच्या सांगण्यावरून त्यानं गाडी तिच्यादेखत खोलली. टाकी, इंजिन, चाकं, सगळं सुटं करून वेगवेगळ्या खोक्यांत भरलं. पंधरा दिवसांत दवाखान्यानं तिला स्कूटर दिली. ती दाखवायला मुद्दाम आली. मिस्त्री दारात उभा राहून ऐकत होता. स्कूटरचा आवाज डोंगराच्या रस्त्यानं चढत गेला, कुठे अडखळला नाही, जड झाला नाही, आणि वळणामागे विरून गेला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळं वाटलं. त्यानं शटर ओढलं आणि घराकडे निघाला.

घर फार लांब नव्हतं. गावाच्या बाजूला छोटासा चढ, आणि चढ संपला की दार. संध्याकाळ होत होती. अर्ध्या चढावर त्याचे पाय जड झाले. दिवसभर उभं राहून होतात तसे असतील म्हणून तो चालत राहिला. पुढचं पाऊल त्याहून जड पडलं. पुढचं उचललंच जाईना. तो थांबला. छाती ठीक होती. श्वास ठीक. गुडघे दुखत नव्हते. गाडी तपासावी तसं त्यानं स्वतःला एकेक करून तपासलं. दोष कुठेच नव्हता.

वर दार उघडलं. उजेडात बायको उभी होती. "अहो, असे मधेच काय थांबलात?"

जरा टेकावं म्हणून तो कडेच्या दगडाकडे वळला, आणि वळल्याबरोबर सगळा थकवा गेला. पाय हलके झाले, अंग हलकं झालं, पोरवयात वाटायचं तसं. त्या सुखानं त्याचे डोळे क्षणभर मिटले.

"अहो!" बायकोनं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज फार दुरून आला. त्यानं दचकून मागे पाहिलं. घराचा दिवा बोटाएवढा दिसत होता, दुकानाचं बंद शटर मागे पडलं होतं, आणि पायांखाली तलावाचा रस्ता होता. आणि एकही पाऊल टाकल्याचं त्याला आठवत नव्हतं.