बाजारच्या दिवशी नापास केलेली साइट

"ती साइट काहून कापली, मॅडम?"

मी दचकून वही मिटली. नेट कॅफे सांभाळणारा शिवहार माझ्या खुर्चीमागं उभा होता.

"दुसऱ्याच्या वहीत डोकावत नसतात," मी म्हणाले.

"डोकावलो न्हाई. तुमी एवढ्या जोरात काट मारली की टेबल हाललं."

हसू आलं, पण मी ते दाबलं. हसायला वेळ कुणाला होता? २००९ साल, बीएस्सीचं दुसरं वर्ष, आणि गणिताचा एक पेपर दोनदा राहिलेला. माझे आबा बकऱ्यांचा व्यापार करतात आणि मोजकं बोलतात. त्यांनी सांगून टाकलं होतं, "ह्या बारीला पेपर निघाला तर शिक. न्हाई तर सेनगावच्या पाहुण्यांना होकार कळवतो."

आमच्या आखाडा बाळापुरात या विषयाची शिकवणी नव्हती. नेटवर मोठमोठे प्राध्यापक फुकट शिकवतात असं कळलं, म्हणून इथं आले. पण फुकट आहे म्हणून काहीही पदरात घ्यायचं, हा माझा स्वभाव नाही. वहीत तीन साइटींचा तक्ता आखला. तिन्हीकडं एकच धडा बघायचा, मग पुस्तकातली पाच गणितं सोडवायची आणि मार्क द्यायचे. पहिली अमेरिकेतली, चित्रं झकास, पण इंग्रजी डोक्यावरून जायचं. दुसरीवर नुसते धडे, सोडवून दाखवलेलं एकही गणित नाही. तिसरीवर आपल्याकडचेच एक टकले सर फळ्यावर खडूनं शिकवायचे... पण दोन शब्द बोलले की अडकायचे. शून्य!

"सर चांगलेत हो," शिवहार म्हणाला. "पण आज बाजार. सगळ्या कम्प्यूटरवर पोरं गाणी उतरवून राहिलेत, अन् नेटची लाइन एकच. पहिल्या दोन साइटी कधी बघितल्या?"

"परवा... दुपारी, दुकान उघडल्या उघडल्या."

"मग? सरांची काय चूक?"

मी वही पुन्हा उघडली. एवढा काटेकोर तक्ता आखणारी मी, बाजाराचा दिवस विसरले होते!

"सकाळी सहाला या," तो म्हणाला. "लाइट नवाला जाते. तवर सगळी लाइन तुमची."

"पण दुकान तर दुपारी उघडतं."

"तुमच्यासाठी..." तो अडखळला. "म्हंजे — झाडायला येतोच मी."

दुसऱ्या दिवशी आई सोबत आली, शटर पुरतं वर आहे ना ते पाहिलं आणि त्याला बजावलं, "असंच उघडं ठेव बरं का, बाबा." सर सलग तासभर बोलले. पाचपैकी चार गणितं सुटली. मी वहीतली काट खोडरबरानं इतकी घासली की कागद फाटला.

मग रोज सहा. उदबत्तीचा वास, समोरच्या हॉटेलातल्या स्टोव्हचा आवाज आणि सरांचं मॅट्रिक्स. हेडफोनची वायर ढिली होती. ती बोटांनी दाबून धरली तरच ऐकू यायचं, आणि मला तर लिहायचं असायचं. शिवहार धरून उभा राहायचा... तास तासभर.

"हात दुखत न्हाई का?"

"दुखतो ना. पण सर मधीच कसे थांबवायचे?"

"सरांची एवढी काळजी?"

"सरांची..." तो भिंतीकडं बघत म्हणाला, "सरांची बी."

माझे कान तापले. एक धडा पहिल्याच वेळी समजला होता, तरी मी तो पुन्हा लावला. खोटं कशाला बोलू? मला तो फार आवडायला लागला होता.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी आबा समोरच्या हॉटेलात बसून राहिले. मी नंबर टाकला. शिवहारनं डोळे मिटून घेतले होते.

"पास," मी म्हणाले. "अठ्ठावन्न!"

तो इतका हसला... आणि मग हेडफोनची वायर गुंडाळायला लागला. "म्हंजे आता सकाळी येणार न्हाईत तुमी."

"शिवहार, तू मला आवडतोस."

वायर त्याच्या हातातून सुटली. "मी... दुकान माझं न्हाई. पगारावर हाय मी."

"ते विचारलं का मी? तुला मी आवडते का, तेवढं सांग."

"लई," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"मग चल. आबा समोर बसलेत."

"आत्ता? सत्यशीला... आत्ताच?"

"सेनगावचं स्थळ टळलं, उद्या औंढ्याचं येईल. त्याच्या आत सांगायचंय."

मी रस्ता ओलांडला, शिवहार मागोमाग आला. आबांनी मान वर केली.

"निघाला का पेपर?"

"निघाला, आबा. आणखी एक सांगायचंय. हा शिवहार. मी बीएस्सी पुरी करणार, अन् मग लग्न करीन ते ह्याच्याशीच."

आबांनी हातातली बशी खाली ठेवली. शिवहारकडं खूप वेळ पाहिलं, अगदी चपलांपासून केसांपर्यंत. तो घामानं भिजला होता, पण जागचा हलला नाही.

"रोज सहाला शटर तूच उघडत व्हतास का?"

"व्हय, मामा."

आबा बाकावर थोडे सरकले.

"बस," ते त्याला म्हणाले, आणि आत हाक मारली, "तीन चहा!"