म्हातारीच्या पोटातलं पाणी

"ओढा! अजून ओढा! जेवलात की नाही सकाळी?" सुकाणूवरून मावशी ओरडली.

सुट्टीला आलेल्या तिघा भाचरांनी दातओठ खाऊन दोर ओढला. डोक्यावर फडफडणारं शीड टणक फुगलं, बोट एका कुशीवर कलली आणि काकांनी इंजिन बंद केलं.

मग जे काही झालं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे! घरघर थांबली. नुसती पाणी कापल्याची सळसळ, आणि दहा टनांची बोट निव्वळ वाऱ्यावर पळतेय! गेले दोन दिवस तिघांनी बादलीत तोंड खुपसून काढले होते. "मला घरी जायचंय" एवढं एकच वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पण या क्षणी कुणी परतीचं तिकीट हातात दिलं असतं, तर त्यांनी ते समुद्रात फेकलं असतं.

"मावशी, खाली किती खोल आहे गं?" शंकासुराने विचारलं. हा अकरा वर्षांचा. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटाला माहीत होतं.

"शंभर माणसं एकावर एक उभी केलीस, तरी वरच्याची शेंडी बुडेल."

"आणि बोटीचं लाकूड किती जाड?"

मावशीने दोन बोटं जुळवून दाखवली.

दोन बोटं लाकूड, आणि त्याच्या पलीकडे एवढा समुद्र! तेरा वर्षांच्या ताईने हळूच पायाखालची फळी चाचपून पाहिली.

मावशी आणि काका चार वर्षं याच बोटीवर राहत होते. शहरातलं घर विकलं, आणि बिछाना, भांडी, पुस्तकं, शिवणयंत्र, सगळं इथे आणलं. बोट त्या दोघांपेक्षा वयाने मोठी, म्हणून तिचं नाव पडलं म्हातारी.

एवढ्यात, दोर सोडून खाली गेलेली चिमणी वर आली. ही दहा वर्षांची, सगळ्यांत धाकटी.

"माझ्या बिछान्याखाली मांजर गुरगुरतंय!"

"भर समुद्रात मांजर? पोहत आलं असेल!" शंकासुर खो खो हसला.

तेवढ्यात खाली, तळात पाणी चढल्याची घंटी कर्कश वाजली. काका धडाधड जिना उतरले आणि त्यांनी मधली फळी उचलली. फळीखाली, बोटीच्या तळात, काळपट पाणी डुचमळत होतं!

"परत आलं," काका एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काल दोनदा उपसलेलं पाणी आज घोट्याच्या वर चढलं होतं.

हातपंपाच्या दोनशे दांड्या मारून झाल्यावर तळ कोरडा झाला. म्हातारी थेट बंदराकडे वळली.

बंदरातला मिस्त्री पंधरा दिवसांपूर्वीच बोटीवर येऊन पिण्याच्या पाण्याचा नवा पंप बसवून गेला होता. तो पुन्हा आला. त्याने फळी उचलून आत एक नजर टाकली, लाकडावर दोनदा टकटक केलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"तळ गेला साहेब. सगळा कुजलाय. उद्या सकाळी क्रेन लावून बोट वर काढू. पण खरं सांगू? खर्च करण्यात अर्थ नाही. भंगारात द्या."

"नीट बघितलंत का हो?" मावशीने विचारलं.

"बाई, तीस वर्षं हेच करतोय! बघायला कशाला लागतंय?"

तो गेला. काका शिडाच्या घड्या घालत बसले, आणि घातलेली घडी पुन्हा उलगडायला लागले. मावशीने ओट्यावरचा पाण्याचा नळ सोडला. नळाने फुस्स केलं. झालं! सगळा राग मुलांवर निघाला.

"टाकी रिकामी? चार दिवसांत? पाणी पिता की पाण्यात लोळता रे तुम्ही?"

"अगं, आम्ही तर एका पेल्यात दात घासतो!" ताई रडकुंडीला आली.

"मग गेलं कुठे पाणी?"

मावशी पाय आपटत धक्क्यावर गेली, तिथल्या नळाची नळी आणून टाकी भरली आणि एका बाजूला जाऊन डोळे पुसत बसली. त्या दोघांचं घर उद्या भंगारात जाणार होतं!

शंकासुर मात्र डोकं खाजवत बसला होता.

"ताई, पाण्याची टाकी कोण बघतं?"

"मावशी."

"आणि तळातलं पाणी?"

"काका. तू आता पुन्हा सुरू करू नकोस हं!"

"अगं ऐक तरी! मावशीचं पाणी कुठेतरी जातंय. काकांचं पाणी कुठूनतरी येतंय. ही दोन पाणी एकच असतील तर?"

ताईचे डोळे बशीएवढे झाले. "म्हणजे बोट गळतच नाहीये! टाकीतलंच पाणी खाली जातंय!"

"चव बघू या! गोड लागलं की झालं," चिमणी म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत तिने फळीखाली बोट बुडवून चाखलंसुद्धा. "ईऽऽ! खारट! आणि तेलकट!"

झालं, हवाच गेली. पण ताई मोठ्या विचारात पडली. तळात आधीचं खारट पाणी मुरलेलं असणारच, मग चव कशी कळणार? खूण हवी, डोळ्यांना दिसेल अशी!

तिने मावशीचं कपाट उघडलं. केकमध्ये घालायच्या लाल रंगाच्या दोन बाटल्या तिथे होत्या. दोन्ही टाकीत उपड्या झाल्या! मग तिघांनी स्पंजने तळ पुसून लख्ख केला आणि फळी लावून टाकली.

सकाळी पहिली किंकाळी काकांची.

"रक्त! अगं, माझ्या हिरड्या गेल्या!"

ते टूथब्रश हातात धरून उभे होते आणि नळातून गुलाबी पाणी पडत होतं. मावशी कमरेवर हात ठेवून मुलांकडे वळली, पण तेवढ्यात क्रेनवाल्याला घेऊन मिस्त्री हजर झाला.

"मिस्त्रीकाका," ताईने अगदी साळसूद चेहरा करून विचारलं, "तळातलं पाणी बाहेरूनच येतं ना?"

"शंभर टक्के! समुद्राचं पाणी आहे बाळ."

"नक्की?"

"लिहून देतो!"

ताईने फळी उचलली. सगळे वाकले. तळात पाणी होतं, आणि ते छान गुलाबी होतं!

"मग समुद्र गुलाबी कधी झाला?" चिमणीने विचारलं.

क्रेनवाला फिसकन हसला.

शंकासुर टॉर्च घेऊन चिमणीच्या बिछान्याखाली शिरला. "सापडलं! नवीन पंपाची नळी! हिचा पट्टा आवळलेलाच नाही, नुसता अडकवलाय! आणि पाणी गळलं की पंप आपला आपण चालू होतोय! ताई, हेच ते मांजर!"

काकांनी स्वतः आत हात घालून पाहिलं. मग ते मिस्त्रीकडे वळले.

"तळ नाही गेला मिस्त्री. एक स्क्रू पिळायचा राहिला तुमचा."

"चूक झाली साहेब," मिस्त्री खाली मान घालून म्हणाला. "बघायला हवं होतं." त्याने स्वतः आडवं पडून पट्टा आवळला. पंप गप्प झाला.

"दोष आमचाही आहे," काका मुलांना म्हणाले. "ती टाकी बघायची, मी तळ बघायचो. दोन्ही एकत्र कुणी बघितलंच नाही. शाब्बास रे पोरांनो! आमचं घर वाचवलंत तुम्ही!"

मावशीने तिघांना एकदम कवटाळलं. "उगाच बोलले रे तुम्हाला," ती म्हणाली.

दुपारी म्हातारी पुन्हा खुल्या समुद्रात होती. शीड फुगलेलं, इंजिन बंद, तळ कोरडा ठणठणीत. आणि अचानक, बोटीपासून वीस हातांवर, समुद्र वर उचलला गेला!

एक काळीभोर पाठ पाण्यातून वर आली, येतच राहिली, संपेचना. फूऽऽस! पाण्याचा फवारा उडाला आणि तुषार तिघांच्या तोंडावर पडले. देवमासा! म्हातारीहून मोठा! त्याचा छोटासा डोळा क्षणभर त्यांच्याकडे वळला. त्याने मनात आणलं असतं तर एका शेपटीत सगळा खेळ खलास. पण तो शांतपणे त्यांच्याबरोबर चालत राहिला, मग शेपटी उंच उभारून अलगद खाली गेला.

चिमणी कठड्यावरून वाकून तो गेला तिथे बघत होती.

"काल म्हातारीला भंगारात द्यायला निघालो होतो मी," काका हळूच म्हणाले.

ओल्या लाकडावर तळहात ठेवून मावशी नुसती बसून राहिली, आणि तिच्या शेजारी एकेक करून तिघांनीही आपापले हात ठेवले.