हाताने फिरवायची लेन्स

ओमप्रकाश यांच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर दोन लेन्स शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीनेच बनवलेली: हलकी, आपोआप फोकस करणारी, आणि मराठी ग्रंथ लिहिणाऱ्या प्राध्यापिकेने जिच्याकडे फक्त पाहावे अशा किमतीची. दुसरी कुठल्याशा अपरिचित कंपनीची, स्वस्त, सगळी धातूची, हातात जड. तिच्यात आपोआप काहीच होत नव्हते. अंगठ्याने आणि तर्जनीने खाचांचे कडे फिरवायचे आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत श्वास रोखायचा.

“दगडाचाच फोटो काढा लागते न तुमाले, मॅडम,” ओमप्रकाश म्हणाले. “थो काही पयून नाही चालला. मंग आटोफोकस पाह्यजे कायले?”

अकोल्याच्या जुन्या शहरातले हे दुकान मला विद्यार्थिदशेपासून ओळखते. त्यामुळे दोन्ही लेन्स घेऊन जाण्याची, वापरून पाहण्याची आणि नको असलेली परत आणण्याची मुभा मिळाली. कडे फिरवून पाहिले तेव्हा त्याच्या खाचा उजव्या अंगठ्यावरच्या तिरप्या व्रणाला बोचल्या. तो व्रण मोर्शीचा. वडिलांच्या बागेत संत्र्याचे कलम बांधताना लहानपणी चाकू निसटला होता. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयातले हजेरीचे यंत्र रोज सकाळी हाच अंगठा व्रणासकट ओळखत असे आणि माझे नाव उच्चारत असे: मंजुषा. यंत्राकडून एवढा आदर मिळत असे, हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

लेन्स घेण्यामागे एक अभिप्राय होता. वऱ्हाडातील यादवकालीन मंदिरांवरील माझ्या ग्रंथाचे हस्तलिखित मी एका संशोधन मंडळाकडे पाठवले होते. त्यांच्या परीक्षण समितीने लिहिले: “सदर शिल्प छायाचित्रात आढळत नाही. लेखिकेचा प्रादेशिक अभिमान तिच्या निरीक्षणावर मात करताना दिसतो.” वाईट गद्य माझ्या लक्षात राहते, म्हणून ही वाक्ये मला पाठ आहेत. समितीतल्या कोणीही वऱ्हाडात पाऊल ठेवलेले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलण्याची ही परंपरा प्राचीन आहे. तिच्यावर मात्र अद्याप कोणी ग्रंथ लिहिलेला नाही.

ते शिल्प बार्शीटाकळीच्या पुढे, नाल्याकाठच्या एका लहान मंदिरात आहे. गर्भगृहाच्या दाराच्या उजव्या चौकटीत, द्वारपालाच्या पायाशी, वीतभर उंचीचा एक माणूस होता: एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हातोडा. सगळे देव कोरून झाल्यावर कोरणाऱ्याने उंबरठ्याजवळ स्वतःला कोरले होते. आमचे खुशालराव सर आता नाहीत. त्यांनी मला तिथे गुडघ्यांवर बसवून तो दाखवला, तेव्हाच त्याचा चेहरा पुसट झाला होता. नंतर गळक्या छताच्या पाण्याने बाकीचाही नेला. आता तिथे दगडाला केवळ एक फुगवटा आहे. वऱ्हाडातली मंदिरे बाहेरून बोलावलेल्या कारागिरांनी उभारली, असे मानण्याची विद्वानांना सवय आहे. माझ्या ग्रंथाचा सारा युक्तिवाद त्या वीतभर माणसावर उभा होता. ज्याला आपले नाव आणि आपली माती ठाऊक असते, तोच आपल्या उंबरठ्यावर स्वतःला कोरतो. तिरप्या उजेडात, चांगल्या लेन्सने, त्याची एखादी रेषा तरी मिळावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. बाहेर तुरीला शेंगा धरल्या होत्या. मंदिराची झाडलोट करणाऱ्या आणि लागूनच शेत असलेल्या माणिकबाई उंबरठ्यावर हळद वाहून बाजूला बसल्या आणि त्यांनी माझ्याकडून समितीची गोष्ट ऐकून घेतली. मी कॅमेरा तिवईवर बसवला आणि आधी महाग लेन्स लावली. तिने क्षणात फोकस घेतला. दगडाचा कण न् कण, शेवाळाचा वाळलेला पापुद्रा, हळदीची भुकटी: सगळे होते. माणूस नव्हता. ती साक्ष प्रामाणिक होती आणि समितीच्या बाजूची होती.

मग स्वस्त लेन्स. तिवई हलवली नाही, उजेड तोच. मी कडे फिरवत गेले. धुके विरळ झाले, आणि पडद्यावर एक मूठ उमटली. मुठीत टाकी होती.

मी पडद्यावरून नजर काढून दगडाकडे पाहिले. फुगवटा. हात लावला. गुळगुळीत. पुन्हा महाग लेन्स लावली: काही नाही. पुन्हा स्वस्त: मूठ.

याचे स्पष्टीकरण मला ठाऊक होते. हलक्या प्रतीच्या लेन्समध्ये काचांच्या आतल्या आत परावर्तन होऊन खोट्या प्रतिमा उमटतात. परतीच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीशी बसून, मी ते स्वतःला व्यवस्थित सांगितले. एकच अडचण राहिली. परावर्तनालाही मूळ वस्तू लागते.

दुसऱ्या सकाळी हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा नाकारला. कार्यालयातले धर्मपाल म्हणाले की थंडीत कातडी कोरडी पडते, रात्री व्हॅसलीन लावत जा. मी लावले. यंत्राने पुन्हा नाकारले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताची नोंद करून घेतली आणि माझा उजवा हात उजेडात धरून पाहिला. मग तो पटकन सोडला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मंदिरात गेले. या खेपेस स्वस्त लेन्समध्ये मनगट, दंड, खांदा आणि डोक्याची बाह्यरेषा आली. महाग लेन्समध्ये अजूनही काही नव्हते, निदान पहिल्या नजरेला. नंतर मोठे करून पाहिले, तेव्हा फुगवट्यावर मुठीच्या जागी एक कड दिसली. मी बोट फिरवले. कड बोटाला लागली, आणि तिच्याखाली, हळदीच्या बाजूला, दगडाची ताजी करडी भुकटी सांडलेली होती.

“तुमी गेल्या तवापासून रोज इथं ठक ठक वाजते,” माणिकबाई मागून म्हणाल्या. त्या आज आत आल्या नव्हत्या, दाराबाहेर उभ्या होत्या. “आमाले वाटलं, कोनी टाकी लावून राहिलं. येऊन पाह्यलं तं कोनीच नाही. वाजनं बी बंद.”

“किती वेळ वाजतं, मावशी?”

“तुमाले जेवढा टाइम इथं लागते, तेवढाच.” त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. “राहू द्या न, बाई. थ्या शहाण्याइले दाखवून तुमाले काय भेटते?”

मी अंगठा उजेडात धरला. त्यावरची वलये गेली होती. मोर्शीचा व्रण होता तिथे कातडी नदीतल्या गोट्यासारखी तुळतुळीत झाली होती. तर्जनीवरच्या रेषाही अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या, जणू कोणी काम मध्येच ठेवून जेवायला गेले असावे.

त्या आठवड्यात ओमप्रकाश यांचा फोन आला. एक लेन्स परत हवी होती. बार्शीटाकळीचे एक गिऱ्हाईक वाट पाहत होते. कोणती ठेवता, एवढेच त्यांनी विचारले.

मी दोन्ही टेबलावर ठेवून बराच वेळ बसले. महाग लेन्स माझ्याकडून काहीच मागत नव्हती. जे होते ते ती दाखवत होती, तिला माझ्या हातांची गरज नव्हती. तिच्या जोरावर मी समितीला विनम्र पत्र लिहू शकत होते: आपले बरोबर, माझे चुकले, अभिमान आवरता घेते. दुसरीच्या खाचांत करड्या भुकटीची बारीक रेघ बसली होती. ब्रशने झाडली तरी ती पुन्हा दिसे.

चेहरा अजून राहिला होता.

मी महाग लेन्स परत केली. “म्या म्हनलं नव्हतं?” ओमप्रकाश खूश होऊन म्हणाले. “हातानं फिरवाची मेहनत आहे, पन काम पक्कं.”

तिसऱ्या खेपेस माणिकबाई शेतातच थांबल्या. मंदिरात ऊन तिरपे आले होते.

मी कड्याला एका हाताची बोटे लावली. मग दुसऱ्याही हाताची लावली. सगळी.

कडे सावकाश फिरले. या वेळी आवाज मीही ऐकला. तो दगडातून येत नव्हता. माझ्या मुठीतून येत होता.

हनुवटी आली. ओठ आले. नाक.

शेवटी डोळे.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या हातांकडे पाहत होता.

मी बटण दाबले.

मला भीती वाटली का, असे कोणी विचारले तर सांगेन की त्या क्षणी मला अभिमान वाटला, आणि तो आजही उतरलेला नाही.

फोटो पाहून समितीचे अध्यक्ष स्वतः आले. मूळ फायली तपासून त्यांत फेरफार नसल्याची खात्री त्यांनी आधीच करून घेतली होती. तरी दगड पाहिल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाले. ही त्यांची वऱ्हाडातली पहिली खेप. त्यांच्या कॅमेऱ्याला तीच महाग लेन्स होती. ते गुडघ्यांवर बसले, जिथे सरांनी मला बसवले होते. तिने क्षणात फोकस घेतला. आता तिलाही तो दिसत होता. अध्यक्षांनी शिल्पावरून हात फिरवला. मग म्हणाले, “आमच्याकडून चूक झाली, मॅडम.” एखाद्या समितीने हे वाक्य उच्चारल्याचे माझ्या वाचनात कुठे नाही.

ग्रंथाचे प्रकाशन अमरावतीला झाले. माणिकबाईंना मी आग्रहाने बोलावून पहिल्या रांगेत शेजारी बसवले. अध्यक्षांनी पडद्यावर तो माणूस मोठा करून दाखवला, मग त्याची टाकी धरलेली मूठ, मग त्या मुठीवरचा तांदळाच्या दाण्याएवढा अंगठा.

“हे पाहा,” ते म्हणाले. “काळ्या दगडात, एवढ्याशा जागेत, बोटावरची वलये. आणि त्यांना छेदून जाणारी ही तिरपी खूण. कधीतरी अवजार निसटले असेल. या कलावंताने स्वतःची जखमसुद्धा लपवली नाही. देशात दुसरीकडे कुठे असे काम असेल, तर मला दाखवा.”

सभागृह उभे राहिले. टाळ्यांचा गजर बराच वेळ चालला. वऱ्हाडच्या दगडासाठी समितीच्या लोकांनी वाजवलेल्या टाळ्या ऐकायला सर हवे होते, असे मनात आले. मी ताठ उभी होते. मीही टाळ्या वाजवल्या.

शेजारी माणिकबाईंच्या टाळ्या थांबल्या. त्या माझ्या हातांकडे पाहू लागल्या, आणि हळूच एक खुर्ची सोडून पलीकडे सरकल्या. एवढ्या गजरातही तो ठक ठक आवाज त्यांनी ओळखला होता.